आधी वाचा, मग पळा: ठाण्यातल्या ट्रेझर हंटचे कूट क्लू कसे सोडवायचे

"मशालीची धाकटी बहीण चौकात उभी आहे. उत्तर मिळताच कळवा."

आमच्या हातात आलेली ही पहिली चिठ्ठी. टीममधल्या तिघांनी एकदमच आरोळी ठोकली, "अरे, शेवटचा शब्द बघ ना! कळवा!" दोन रिक्षा केल्या, खाडीवरचा पूल ओलांडला आणि पाऊण तास कळव्यात मशाल शोधत फिरलो. कळव्यात आमच्यासाठी काहीच नव्हतं. 'कळवा' ही साधी सूचना होती, उत्तर सापडलं की मार्शलला, म्हणजे खेळावर देखरेख करणाऱ्या माणसाला, फोन करा एवढीच. टेंभा म्हणजे मशाल, तिची धाकटी बहीण टेंभी, आणि चौक म्हणजे नाका. टेंभी नाका आम्ही निघालो तिथून चालत सात मिनिटांवर होता. 'टेंभा मिरवणे' हा वाक्प्रचार आमच्यातल्या प्रत्येकाने शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला असेल, पण टेंभा ही वस्तू काय असते हे एकालाही आठवलं नाही.

त्यानंतर मी अशा खेळांत बरेचदा धावलो आणि आमच्या सोसायटीसाठी काही वेळा चिठ्ठ्या लिहिल्याही. टीम हरतात त्या बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, क्रम चुकला म्हणून. अर्धी चिठ्ठी वाचून निघायचं आणि उरलेली रिक्षात वाचायची, ही खरी गोम आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: आदल्या रात्रीची तयारी

कूट क्लू म्हणजे ठिकाणाचं नाव अक्षरांच्या किंवा अर्थाच्या कसरतीत लपवणारी चिठ्ठी. तिचं उत्तर डोक्यातून काढायचं असतं, पण डोक्यात नावं असतील तरच ते निघतं. म्हणून आदल्या रात्री अर्धा तास बसून नावांची यादी करा. भाग ठरलेला असेल तर तेवढ्याच भागाची. ठाण्यात ही यादी चार रकान्यांत लिहिलेली बरी:

तलाव: मसुंदा, कचराळी, मखमली, सिद्धेश्वर, उपवन, रायलादेवी आणि आठवतील ते बाकीचे.
नाके आणि चौक: जांभळी, टेंभी, तीन हात, हरिनिवास, कापूरबावडी.
वस्त्या: नौपाडा, चरई, उथळसर, खारटन रोड, राबोडी, महागिरी, चेंदणी, पाचपाखाडी, खोपट, कोपरी.
इमारती: देवळं, चर्च, सिनेगॉग, नाट्यगृह, ग्रंथालय, टाउन हॉल, एसटी स्थानक.

ज्येष्ठांना विचारून जुनी नावंही लिहून घ्या. बंद पडलेल्या टॉकीजचं नाव बसथांब्याला अजून चिकटलेलं असतं, आणि चिठ्ठी लिहिणारा बहुतेक वेळा पन्नाशीचा असतो. त्याच्या डोक्यातलं ठाणं तुमच्या फोनमधल्या नकाशातलं नसतं.

पिशवीत काय? चौकटीची वही, दोन पेन्सिली, खोडरबर, पाण्याची बाटली, टोपी, सुटे पैसे, पॉवर बँक. चौकटीची वही का, ते टप्पा ५ मध्ये कळेल.

टीममध्ये कामं वाटून घ्या. एक वाचणारा, एक लिहिणारा, एक नकाशावाला, आणि एक शंकासुर. कोकणातल्या नमन या लोकनाट्यात शंकासुर येऊन सगळ्यांना भंडावून सोडतो, तसा टीममध्येही एक हवाच. प्रत्येक उत्तरावर त्याने एकच प्रश्न विचारायचा: "मग हा शब्द कशाला आहे?" आमच्याकडे हे काम शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त मराठीच्या बाई करतात. पोरं त्यांना वैतागतात आणि त्या टीममध्ये असल्या की जिंकतात.

तपासा: नियमावली वाचली का? वाहन चालतं का, फोनवर शोधायला परवानगी आहे का, हिंट घेतली तर किती मिनिटांचा दंड, चिठ्ठ्या क्रमानेच सोडवायच्या का. हे सगळं प्रत्येक खेळात वेगळं असतं. मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

## टप्पा २: चिठ्ठी हातात आल्यावर पहिली तीन मिनिटं

जागचं हलायचं नाही. दुसरी टीम पळाली तरी नाही. तिला उत्तर सापडलंय असं मुळीच नाही, तिला फक्त पाय फुटलेत.

पहिलं वाचन मोठ्याने, कान उघडे ठेवून. मराठीतले कितीतरी खेळ उच्चारावर चालतात आणि डोळ्यांनी वाचताना निसटतात. दुसरं वाचन हळू, शब्द तोडून. मग लिहिणाऱ्याने चिठ्ठी वहीत उतरवायची, जशीच्या तशी, ओळी जिथे तुटल्या आहेत तिथेच तोडून. चिठ्ठीत चार छोट्या ओळी असतील तर त्या चार का आहेत हाही प्रश्नच आहे.

आता पेन्सिलीने आडवी रेघ मारून चिठ्ठीचे दोन भाग करा: सूचना एकीकडे, कोडं दुसरीकडे. 'फोटो काढा', 'मार्शलला भेटा', 'उत्तर मिळताच कळवा' हे सूचनांत. कळव्याची आमची रिक्षाफेरी या एका रेघेने वाचली असती.

विरामचिन्हांवर भरवसा ठेवू नका. चिठ्ठी लिहिणारा स्वल्पविराम तुमची दिशाभूल करायला टाकतो. मी तरी टाकतो. अवतरणचिन्ह मात्र गंभीरपणे घ्या. एखादं अक्षर किंवा शब्द अवतरणात असेल तर अर्थ सोडून त्या अक्षरांकडे बघायचं असतं.

सावधान: शुद्धलेखनाची चूक दिसली तर लगेच हसू नका. चूक मुद्दाम आहे की टायपिंगची, हे ठरवायला सोपा नियम: चिठ्ठीत एकच चूक असेल तर तिच्याखाली रेघ मारा, पाच-सहा असतील तर आयोजक घाईत होते.

## टप्पा ३: सरळ बाजू शोधा

वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याची सवय इथे नडते. तिथे 'होडी' म्हटलं की 'नाव' किंवा 'नौका' लिहायचं आणि पुढे जायचं. कूट क्लूमध्ये दोन बाजू असतात. एक सरळ बाजू, म्हणजे ठिकाणाचं वर्णन: चौक आहे, वस्ती आहे, पाणी आहे, पूर्वेला आहे. दुसरी खेळाची बाजू, म्हणजे अक्षरांची किंवा अर्थाची कसरत. दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात. एका वाटेने पोचलात आणि दुसरी भलतीकडे गेली, तर उत्तर चुकलेलं आहे.

सरळ बाजू बहुधा वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मधे क्वचित. 'मशालीची धाकटी बहीण चौकात' यात 'चौकात' ही सरळ बाजू, बाकी खेळ. तिच्याखाली दुहेरी रेघ मारा आणि यादीतला योग्य रकाना उघडा. चौक म्हटल्यावर तलावांची यादी मिटली. इतकं केलं तरी निम्मं काम होतं.

## टप्पा ४: खेळ कोणता आहे ते ओळखा

हा सगळ्यात मोठा टप्पा, आणि लोक सगळ्यात कमी वेळ देतात तो इथेच. खेळाचे प्रकार फार नाहीत. प्रत्येक प्रकाराची खूण सांगणारे शब्द असतात, ते ओळखायला शिकलं की झालं. खालची उदाहरणं मीच रचलेली आहेत, ठिकाणं ठाण्यातली.

जोड. दोन तुकडे शेजारी ठेवायचे. खूण: आणि, मग, शेवटी, सोबत, शिरली, मिळाली. 'चवीला समुद्र, शेवटी नकार, रस्त्यावर भेटू.' समुद्राची चव खारट, नकार म्हणजे 'न': खारटन रोड. दुसरं उदाहरण, 'निवृत्त झालेला वडा उड्डाणपुलाखाली.' निवृत्त म्हणजे माजी. माजी वडा, म्हणजे माजिवडा. पोरांना हे आवडतं आणि मोठ्यांना सुटत नाही, कारण मोठे 'निवृत्त' वाचून पेन्शनर कट्टे शोधत बसतात.

जोडात संधी होते हे विसरू नका. 'लंगोटीचा धनी बाजाराशेजारी बसलाय' या चिठ्ठीवर आमच्या सोसायटीतल्या दोन टीम आखाडे आणि व्यायामशाळा हुडकत होत्या. लंगोटी म्हणजे कौपीन, धनी म्हणजे ईश्वर, जोडले की कौपीनेश्वर. फलकांवर 'कौपिनेश्वर' असंही दिसतं. ऱ्हस्वदीर्घासाठी अडून बसू नका, जांभळी नाक्याच्या बाजारालगतचं देऊळ तेच.

वजाबाकी. शब्दातून काही काढून टाकायचं. खूण: विना, न, सोडून, गळालं, बिनडोक (पहिलं अक्षर गेलं), शेपूट तुटलं (शेवटचं गेलं). याचं उदाहरण टप्पा ६ मध्ये सविस्तर आहे.

पोटातलं उत्तर. उत्तर चिठ्ठीतच लिहिलेलं असतं, दोन शब्दांच्या सांध्यात. खूण: पोटात, आत, मनात, दडलेलं, मधे. ''नको परीक्षा' म्हणणाऱ्याच्या पोटात शिरा, पूर्वेला पोचाल.' न-को-प-री-क्षा. मधली तीन अक्षरं वाचा: कोपरी. आणि कोपरी ठाणे पूर्वेलाच, म्हणजे सरळ बाजूही जुळली. टीमा इथे शाळेत जातात. रविवारी शाळा बंद असते, वॉचमन हाकलतो.

उलट. खूण: उलटा, पालथा, परत फिरला, आरशात. 'दोघे भेटले, एकाचा एक हात खिशात. काना उलटा पडला.' दोघांचे हात चार, एक खिशात, दिसतात तीन. 'काना' उलटा वाचला की 'नाका'. तीन हात नाका. मराठीत उलटं वाचताना अख्खं अक्षर उलटायचं असतं, काना-मात्रा त्याच अक्षराला चिकटून राहतात. 'काना'चं कधी 'आनका' करू नका, तसं करणारे भेटले आहेत म्हणून सांगतो.

आद्याक्षरं. ओळी किंवा शब्द यांची पहिली अक्षरं खाली खाली वाचायची. खूण कधी असते (डोकी, सुरुवात, तोंडं), कधी फक्त ओळी तोडलेल्या असतात:

गर्दी टळेपर्यंत थांबा,
डबा घरूनच आणा,
करमणूक फुकट नसते,
रीतसर तिकीट काढा.

ग-ड-क-री. तिकीट आणि करमणूक म्हटल्यावर मसुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन. ही चिठ्ठी कुणी सलग ओळीत उतरवून घेतली तर उत्तर दिसणारच नाही. ओळी जशाच्या तशा उतरवा म्हणालो ते याचसाठी.

श्लेष. एकाच नावाचे दोन अर्थ, अक्षरांशी खटपट नाही. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो, आणि मराठी गावनावं यासाठी जणू घडवून ठेवली आहेत. 'खोलात न शिरणारे मास्तर' म्हणजे उथळ सर, उथळसर. 'मऊ कापडाने भरलेलं पाणी' म्हणजे मखमली तलाव. 'एसटी थांबते त्या झोपडीत' म्हणजे खोपट. 'दुय्यम जंगल, काठावर बसा' म्हणजे उपवन. 'नावात घाण, समोर महापालिका' हा कचराळी. श्लेषात खुणेचा शब्द नसतो. वरचा एकही प्रकार बसला नाही तर श्लेष धरून चाला.

संख्या. एखादाच संयोजक संस्कृत शिकलेला निघतो आणि लिहितो: 'अग्नी, बाण, वसू, चंद्र. उजवीकडून मोजा, रुळावर या.' हा जुना शब्दांकांचा प्रकार. अग्नी तीन, मदनाचे बाण पाच, वसू आठ, चंद्र एक. या पद्धतीत अंक उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा १८५३. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. रूळ, म्हणजे ठाणे स्टेशन. यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर एवढं लिहून ठेवा: चंद्र १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, ऋतू ६, ऋषी ७, वसू ८, ग्रह ९, आकाश ०. 'अग्नी' वाचून अग्निशमन केंद्रावर गेलात तर तिथले लोक चहा पाजतील, चिठ्ठी मिळणार नाही.

तपासा: खेळाचा प्रकार एका शब्दात सांगता येतोय का? 'जोड', 'उलट', 'पोटात' असं काहीतरी. "असंच वाटतंय" हा प्रकार नव्हे.

## टप्पा ५: अक्षरं मोजा

चिठ्ठीच्या शेवटी कंसात आकडा असेल तर ती उत्तराची अक्षरसंख्या. इथे चौकटीची वही कामाला येते: एका चौकटीत एक अक्षर, काना-मात्रा-अनुस्वारासकट. घंटाळी तीन अक्षरी: घं, टा, ळी. कौपीनेश्वर पाच: कौ, पी, ने, श्व, र. जोडाक्षर एकच चौकट घेतं. इंग्रजी कोड्यांची सवय असलेली मुलं श आणि व वेगळे मोजतात, मग आकडा जुळत नाही आणि बरोबर उत्तर फेकून देतात. कंसात २, २, २ असेल तर तीन शब्द, प्रत्येकी दोन अक्षरांचे. मागे पाहिलेला तीन हात नाका बरोबर तसा आहे.

अक्षरं पुढे-मागे सरकवायची सांकेतिक लिपी दिली असेल, क च्या जागी ख वगैरे, तर मुळाक्षरांचा क्रम कोणता हे आयोजकांना आधीच विचारा. ळ, क्ष आणि ज्ञ धरले आहेत की नाहीत यावर अख्खं उत्तर फिरतं. हा प्रश्न हिंटमध्ये मोजला जाऊ नये, मोजत असतील तर भांडा.

## टप्पा ६: प्रत्येक शब्दाला काम द्या

आता शंकासुराची पाळी. उत्तर मिळालं असं वाटलं की चिठ्ठीतला एकेक शब्द घ्यायचा आणि त्याचं काम विचारायचं. बिनकामाचा शब्द उरला तर उत्तरावर फुली, किंवा निदान प्रश्नचिन्ह. चांगली चिठ्ठी लिहिणारा फुकट शब्द ठेवत नाही.

एक चिठ्ठी पूर्ण सोडवून दाखवतो. मी लिहिलेल्यांपैकी सगळ्यात जास्त टीम हिने भरकटवल्या:

"'का' न विचारता होडी पाड्याला लागली. देवळात वाजते ती आळीत शिरली. तिथल्या देवीसमोर उभे राहा."

सात टीममधल्या पाच थेट तलावपाळीला, म्हणजे मसुंदा तलावाच्या काठाला गेल्या. होडी म्हटल्यावर ठाणेकराला तलावपाळीचं बोटिंग आठवणारच. तिथे देऊळही जवळ, घंटाही वाजते. सगळं जुळल्यासारखं वाटतं, आणि नेमका इथेच घात होतो.

शंकासुराने विचारलं असतं: "'का' अवतरणात कशाला?" तलावपाळीकडे त्याचं उत्तर नाही. "पाडा कुठाय?" त्याचंही नाही. दोन शब्द बेकार बसलेत म्हणजे वाट चुकली.

आता क्रमाने. 'का' अवतरणात आहे, तेव्हा ते अक्षर आहे, प्रश्न नाही. 'न विचारता' ही वजाबाकीची खूण. होडीसाठी असा शब्द हवा ज्यात 'का' आहे: नौका. 'का' काढला, उरलं 'नौ'. ते पाड्याला लागलं, म्हणजे शेजारी जोडलं: नौपाडा. पहिलं वाक्य संपलं, एकही शब्द उरला नाही. दुसरं वाक्य: देवळात वाजते ती घंटा, ती आळीत शिरली. घंटा अधिक आळी, घंटाळी. तिसरं वाक्य सरळ: देवी. नौपाड्यात घंटाळी देवीचं मंदिर आहेच. तीन वाक्यं, तिन्ही एकाच जागी.

'होडी'ऐवजी 'नाव' घेऊन एक टीम पंधरा मिनिटं झगडली, हेही सांगायला हवं. समानार्थी शब्द एक सुचला की लोक त्यालाच चिकटतात. होडी म्हटलं की नाव, नौका, तर, गलबत, पडाव असे चार-पाच तरी कागदावर मांडा. त्यातला एक खेळात बसतो, बाकीचे गळतात.

सावधान: 'पाणी आणि देऊळ' एवढ्यावर ठाण्यात कधीही निघू नका. या शहरात जुन्या तलावाच्या आसपास देऊळ असतंच. तसं वर्णन निम्म्या ठाण्याला लागू पडतं.

## टप्पा ७: निघण्याआधी रस्ता

लवकर उरकतो, पण चुकवू नका. स्टेशन, जांभळी नाका, तलावपाळी, टेंभी नाका या पट्ट्यात पायी चला. रिक्षा गर्दीत आणि एकदिशा रस्त्यांत अडकते, तुम्ही तोवर पोचलेले असता. नौपाड्यातून उपवनला जायचं असेल तर मात्र पायाचा हट्ट नको.

उत्तर तीन हात नाका किंवा माजिवडा निघालं तर हमरस्ता पळत ओलांडायचा नाही. संयोजकाने चिठ्ठी सेवा रस्त्याच्या कडेला ठेवलेली असते, गाड्यांच्या मधे नव्हे. तशी ठेवली असेल तर खेळ सोडा आणि त्याला ऐकवा.

'किल्ला' असं उत्तर येत असेल तर थांबा. ठाण्याच्या जुन्या किल्ल्यात आता मध्यवर्ती कारागृह आहे. भिंतीशी घुटमळणं, फोटो काढणं, आत डोकावणं हे पोरखेळ तिथे चालत नाहीत. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो, आत शिरून झुडपं चाचपडायची जागा ती नाही. अशी उत्तरं आली की मार्शलला फोन करून एवढंच विचारा, "हद्दीबाहेर आहे का?" यावर सहसा दंड बसत नाही.

तपासा: लहान मूल टीममध्ये असेल तर त्याचा हात कुणाच्या हातात आहे? तलावाच्या काठावर हा प्रश्न दर वेळी विचारा.

## टप्पा ८: जागेवर पोचल्यावर

चिठ्ठी दिसली नाही की लोक जागा बदलतात. आधी चिठ्ठी पुन्हा वाचा. 'समोर', 'डावीकडे', 'पायरीखाली' असे बारीक शब्द निघण्याच्या घाईत कुणी लक्षात ठेवत नाही. 'देवीसमोर उभे राहा' म्हणजे गाभाऱ्यात नव्हे, कदाचित रस्त्याच्या पलीकडच्या फुलवालीकडे. उभं राहायला सांगितलंय तिथे खरंच उभं राहा आणि तिथून काय दिसतं ते बघा.

आजूबाजूच्या दुकानदाराशी बोला. "काका, सकाळी इथे कुणी कागद चिकटवला का?" इतकं पुरतं. दुकानदाराला सगळं माहीत असतं, फक्त त्याच्याशी आधी दोन शब्द बोलावे लागतात. निम्म्या खेळांत चिठ्ठी दुकानदाराच्याच गल्ल्यात असते.

चिठ्ठी मिळाली की फोटो काढा, मूळ चिठ्ठी जागेवर ठेवा. ती खिशात घालून पुढच्या टीमचा खेळ मोडणारे दर वर्षी एक तरी निघतात. कुंड्या उपसू नका, फलक हलवू नका. देवळात चपला काढा. चर्च आणि सिनेगॉगपाशी आत जाण्याआधी, फोटोआधी विचारा.

काही ठिकाणी चिठ्ठी नसते, प्रश्न असतो: कोनशिलेवरचं साल, खांबांची संख्या, फलकावरचा तिसरा शब्द. हे दोघांनी वेगवेगळं मोजून मग ताडून पाहायचं. जुन्या देवनागरी कोरीव अंकांत १ आणि ९, ५ आणि ६ यांचा घोळ हमखास होतो. कोनशिलेचा जवळून एक फोटो ठेवा, वाद झाला तर तोच कामाला येतो. कोनशिला दोन असतील, एक भूमिपूजनाची आणि एक उद्घाटनाची, तर चिठ्ठीतलं क्रियापद बघा: 'पाया' विचारलाय की 'दार उघडलं'?

## टप्पा ९: अडकलात तर

सुरुवातीलाच ठरवा, एका चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती मिनिटं. मी दहा म्हणतो. हिंटचा दंड दहा मिनिटांचा असेल तर विसाव्या मिनिटापर्यंत अडून बसण्यात शहाणपण नाही. "एवढा वेळ घातलाच आहे तर अजून थोडा" हे वाक्य ऐकू आलं की शंकासुराने हिंटचा फोन लावून टाकावा.

पण हिंटच्या आधी तीन गोष्टी करून बघा. चिठ्ठी अजून न वाचलेल्या माणसाला वाचायला द्या. कुणीच उरलं नसेल तर टीममधल्या सगळ्यात लहान मुलाला. लहान मूल शब्दाच्या अर्थात अडकत नाही, त्याला अक्षरं दिसतात. 'नको परीक्षा'मधली कोपरी आमच्याकडे चौथीतल्या पोरीने शोधली होती. दुसरं, ठरवलेली सरळ बाजू बदला, सुरुवात धरली असेल तर शेवट धरा. तिसरं, यादी उघडून प्रत्येक नाव मोठ्याने म्हणा आणि दोन तुकड्यांत तोडा: चर-ई, कापूर-बावडी, पाच-पाखाडी. आरतीला लागणारं काहीतरी आणि विहीर चिठ्ठीत असतील तर कापूरबावडी तोंडातून निघतानाच कान टवकारतात.

हिंट घेतलीत तर ती कशाबद्दल हवी ते नेमकं मागा. "उत्तर सांगा" असं नको. "खेळ कुठल्या शब्दावर आहे?" असं विचारा. मी मार्शल असतो तेव्हा नेमका प्रश्न विचारणाऱ्याला थोडं जास्तच सांगून जातो, आणि बाकीचे मार्शलही माणसंच असतात.

सरावाला एक चिठ्ठी देतो, उत्तर देत नाही:

"काम कर, होडीतला 'ह' पाण्यात टाक, की वस्ती आलीच. (३)"

या वेळी होडीचा समानार्थी शब्द शोधायचा नाही. आणि तलावपाळीला तर अजिबात जायचं नाही.